तिसऱ्या भागातली गाठ

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. अकराला सुटते. साडेअकराची अमरावती-अकोला बस मी पकडते आणि दोनच्या सुमारास भावाच्या दारात उभी राहते. दार लोखंडी जाळीचं, आतून कडी. मी जाळी वाजवते. आत चपला फरफटत येतात, आई जाळीपलीकडे उभी राहते, डोळे बारीक करून मला पायापासून केसांपर्यंत पाहते आणि म्हणते,

"घरी कोनी नाई. पोरगा ड्युटीवर गेला. तुमी सांजच्यानं या."

तुमी! पन्नाशीला टेकलेली मी, तिची थोरली लेक, आणि ती मला जनगणनेला आलेल्या बाईसारखं तुमी म्हणते. पहिल्या वेळेस वाटलं थट्टा करते आहे. थट्टेखोर होतीच ती. मी म्हटलं, "आई, उघड ना, उन्हानं जीव चाललाय." तर ती दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात भावजय स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "अव आई, ताई आल्या हायेत ना," म्हणत तिनं कडी काढली. मी आत शिरले तेव्हा आई भावजयीच्या कानाशी लागून सांगत होती, "थेच आली पाय." मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

आमच्या वऱ्हाडात 'ती'ला 'थे' म्हणतात. म्हणजे 'तीच आली बघ'.

बाकी सगळ्यांना ती ओळखते, हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळंच विसरली. भावाला ओळखते, भावजयीला ओळखते, दूधवाल्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारते. मिठाचा डबा कुठे ठेवला ते विसरते, जेवले की नाही ते विसरते, पण माणसं पक्की. फक्त मी नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्याबरोबर आतून जी माया उमटायला हवी ती उमटत नाही. मग मेंदू स्वतःची समजूत घालतो की हे माणूस तसंच दिसतं, पण ते नाही. आणि बहुतेक वेळा हे सगळ्यात जवळच्याच माणसाच्या वाट्याला येतं, म्हणाले. वा रे वा, म्हटलं, जवळचं असण्याचं चांगलं बक्षीस आहे.

लाडात आली की आई मला 'माय' म्हणायची. आमच्याकडे लेकीला असंच म्हणतात. "काहून वं माय, असं तोंड सुकलं?" मी दारात दिसले रे दिसले की हे ठरलेलं. ते समोरासमोर ऐकून मला दीड वर्ष झालं होतं, आणि खरं सांगते, मला तिच्याकडून दुसरं काहीही नको होतं.

समोरासमोर म्हटलं, कारण फोनवर मी मीच होते. हीच तर गंमत. म्हणजे गंमत कसली! एका सोमवारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"काहून वं माय, किती दिस झाले. एखांद्या वेळेस येऊन तं जाय."

"हाव आई, परवाच तर येऊन गेले."

"तू कुठी आली? थे आली होती."

"कोण थे?"

"शनवारची. तुह्यासारखीच दिसते. तुह्याच साड्या नेसते." मग आवाज अगदी खाली गेला. "दुसरी हाये थे. मले भेव लागते तिचं."

शिक्षकखोलीत पंखा फिरत होता, कुणीतरी डबा उघडला होता, मेथीच्या भाजीचा वास सुटला होता. आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजाराची भीती जुनी होती, तिची सवय झाली होती. काटा आला तो 'दुसरी' या शब्दानं. हा शब्द आमच्या घरात एकाच अर्थानं वापरला जायचा, आणि तो शेवटचा ऐकून चाळीस वर्षं होत आली होती.

मी लहान असताना टीव्हीवर रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. विज्ञानकथा, तेरा भाग. नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेलच, बाकीच्यांना नाव सांगूनही उपयोग नाही. एक डोंगराळ गाव. तिथे शास्त्रज्ञांनी आकाशाचं ऐकायला एक मोठी तबकडी बसवलेली. भर दुपारी त्या तबकडीच्या पठारावर जो जाईल, तो परत येताना तो नसे. दिसायला हुबेहूब, पण दुसरा. शास्त्रज्ञांच्या स्वयंपाकाला एक विधवा बाई होती, तिला दहा-बारा वर्षांची एक मुलगी. ती मुलगी बदलली गेली आहे हे नवव्या भागात कळतं, तेव्हा आमच्या घरात किंकाळी फुटली होती.

आमचं घर बार्शीटाकळीला, मळ्याला लागून. शेवंती, झेंडू, उन्हाळ्यात मोगरा. दुपारच्या गाडीनं हार अकोल्याला जायचे, म्हणून रविवारी सकाळी सगळं घर फुलांत बसलेलं असायचं. आई टीव्हीसमोर. बोटं दोऱ्यावर चाललेली, नजर पडद्यावर, एकदाही खाली बघणं नाही आणि एकही गाठ चुकणं नाही. मालिकेतले 'दुसरे' फार स्वच्छ बोलायचे. अडखळणं नाही, चढउतार नाही, अगदी छापल्यासारखं. त्यावरून आम्ही भावंडांनी एक खेळ काढला होता. अचानक कुणाला तरी पकडून विचारायचं, "बोल, भूक कोनाले लागली?" 'मले' म्हटलं तर तो आपला माणूस. ज्याच्या तोंडून 'मला' निघालं तो दुसरा, त्याला झेंडूनं बडवायचं. आईही खेळायची. एकदा गावातल्या गुरुजींना तिनं हाच प्रश्न विचारला, ते बिचारे "मला तर नाही लागली" म्हणाले, आणि आम्ही हसून हसून फुलांत लोळलो.

तर ती मालिका मी शोधून काढली. कुणा भल्या माणसानं जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकली होती. चित्रावर पांढऱ्या रेघा, आवाजात खरखर, पण तेराही भाग. भाऊ म्हणाला, "ताई, आगीत तेल कायले ओतून राहिली? तिच्या डोक्यात आधीच दुसरी बसली हाये." डॉक्टरांनी जुन्या गोष्टी दाखवा असं सांगितलंच होतं, ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. पण मनातलं कारण वेगळं होतं. मला वाटलं, ती बाई आणि ती मुलगी दिसली की आईला आठवेल हे सगळं कुठून आलं, हा खेळ होता, टीव्हीतला होता. मग ती हसेल. आणि मी तिला परत सापडेन.

दर शनिवारी एक भाग, असं ठरलं. दुपारी अडीच वाजता, कूलर लावून, पडदे ओढून. भावजय मध्ये बसायची, कारण आई माझ्या शेजारी बसायला तयार नसे.

पहिल्या दोन भागांत मी नुसती हसत होते. लहानपणी जीव मुठीत धरून पाहिलेलं काय काय निघालं होतं ते! शास्त्रज्ञांची शिरस्त्राणं म्हणजे स्कूटरची हेल्मेटं, चंदेरी रंग मारलेली. यंत्राची बटणं म्हणजे सरळसरळ मिक्सरची. ज्या तबकडीला मी स्वप्नात घाबरायचे तिच्या कडेला एक शिडी तशीच टेकवलेली राहिली होती, आणि शिडीवर कुणाचं तरी धोतर वाळत होतं. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीत हे काही दिसलंच नव्हतं. मी भावजयीला दाखवत होते, ती खुदुखुदू हसत होती. आईची बोटं मात्र मांडीवर हलत होती. दोरा नव्हता, फुलं नव्हती, तरी हलत होती.

तिसऱ्या भागात ती मुलगी आरशासमोर वेणीला रिबीन बांधते. साधा प्रसंग, शाळेत निघाली आहे. आई एकदम पुढे वाकली.

"थे पाय. गाठ."

"काय गाठ?" मी विचारलं.

तिनं मला उत्तर दिलं नाही, भावजयीला सांगितलं. "उलटी पडली. दोनदा सुलटी पडली होती, आता उलटी. डाव्या हातानं बांधली न तिनं."

मी मागे नेऊन पाहिलं. मग पहिला भाग काढून पाहिला, दुसरा काढून पाहिला. पहिल्या दोन्हींत मुलगी उजव्या हातानं रिबीन ओढते. तिसऱ्यात डाव्या. पाणी डाव्या हातानं पिते, दप्तर डाव्या खांद्यावर. मला वाटलं चित्रच उलटं छापलं असेल, तर मागच्या कॅलेंडरवरचे आकडे सरळ. चौथा भाग काढला, त्यातही डावा. म्हणजे बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेलं होतं. कथेत नवव्या भागात उघड होणारी गोष्ट तिसऱ्या भागातच होऊन गेली होती, आणि सहा भाग ती दुसरी मुलगी त्या घरात जेवत होती, झोपत होती, आम्ही तिच्यावर जीव लावत होतो. कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"आई, तुला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं. "तू आम्हाला सांगितलं का नाही?"

आता मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे, बाजारात फूल पारखतात तसं.

"तुमी बी तिसऱ्यातच आल्या का?" ती म्हणाली.

भावजयीनं उठून पडदे उघडले. बाहेर रखरखीत ऊन होतं, समोरच्या घरी कुणी पापड वाळत घातले होते. मी पाणी प्यायला उठले, आणि पेला उजव्या हातात धरला आहे ना हे आधी पाहिलं. हसू नका. तुम्हीही पाहिलं असतं.

त्यानंतर मालिका मी घरी, अमरावतीलाही पाहू लागले. एकटीच, शाळेतून आल्यावर, वह्या तपासायच्या सोडून. नवरा म्हणे, "काय लहान पोरासारखं तेच तेच पाहून राहिली?" त्याला काय सांगू! मी आता कथा पाहतच नव्हते. कडेचं पाहत होते. दारं, खिडक्या, मागे उभी राहिलेली माणसं. सहाव्या भागात एक जेवणाचा प्रसंग आहे. आई मुलीला भात वाढते, मुलगी डाव्या हातानं ताट ओढते, मागे खिडकी. त्या खिडकीत एक चेहरा येतो. पापणी लवायच्या आत जातो. मी थांबवून पाहिलं. तीच मुलगी होती. वेणीतली गाठ सरळ. खिडकीबाहेर उभी राहून आत पाहत होती, आपल्या जागी कोण जेवतंय ते.

ज्यांना नेलं त्यांचं पुढे काय झालं हे मालिकेत कुठेच सांगितलेलं नाही. लहानपणी आम्ही त्यावर भांडायचो. आणि उत्तर चाळीस वर्षं तिथे खिडकीत उभं होतं. ती कुठे गेलीच नव्हती. तिला फक्त कुणी आत घेत नव्हतं.

पुढे एका शनिवारी अकोल्याला तो भाग लागला तेव्हा मी आधी सांगितलं नाही. आई पाहते का ते पाहायचं होतं. चेहरा आला, गेला. आईनं मान हलवली.

"हाव. बाहीर उभी हाये थे. रोजच असते." मग तिनं हात वर केला आणि पडद्याकडे नाही, आमच्या खोलीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तशी माही बी उभी असते. दुपारच्यानं. ऊन लागते पोरीले."

मी वळून पाहिलं. वळायचं नाही असं ठरवूनही वळले. खिडकीत गज, गजापलीकडे दोरीवर भावाचे दोन शर्ट, आणि पांढरं ऊन. कुणी नव्हतं. पण कुणी नाही हे पाहायला मी उठून गजापर्यंत गेले, आणि तिथून आत पाहिलं तर सोफ्यावर आई, भावजय आणि त्यांच्या पलीकडे माझी रिकामी जागा. मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा राग, ते विचारू नका. मी त्या खिडकीतल्या 'मी'चा मत्सर करत होते.

जेवताना मी सरळ विचारलं. "आई, मी ती नाही हे तू कशावरून म्हणतेस?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "इचारू का? बोला, भूक कोनाले लागली?"

उत्तर ठाऊक होतं, जन्मापासून ठाऊक होतं. आणि तोंडातून निघालं, "मला."

"पाय!" तिनं भावजयीच्या मांडीवर थाप मारली. "माही पोरगी 'मले' म्हनते."

आता ही गोष्ट कुणाची चूक म्हणायची? आठवीत मला अमरावतीला मावशीकडे ठेवलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी मी उभी राहून "मॅडम, मले फळ्यावरचं दिसून नाही राहिलं" म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. महिनाभर पोरी मला 'मले' याच नावानं हाका मारायच्या. दिवाळीत घरी येऊन मी भोकाड पसरलं, आता शाळेत जाणार नाही म्हटलं. आई शेवंतीचा हार करत होती. म्हणाली, "तं मंग 'मला' म्हन. त्यात काय जीव जाते?" आणि तिथेच शिकवणी सुरू झाली. ती 'मले' म्हणायची, मी 'मला' म्हणायचं. ती 'तुले', मी 'तुला'. ती 'काहून', मी 'का'. एकेका फुलागणिक एक शब्द. पाच-सहा दिवसांत माझी जीभ अशी वळली की चुकेचना. शेवटच्या दिवशी तिनं हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बापा! झाली माही पोरगी दुसरी." सगळे हसले, मीही हसले. मग मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, मराठीची शिक्षिका झाले, आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ पोरांचं 'मले' लाल शाईनं खोडून 'मला' करत आले. घरीही तेच बोलते. आईशीही तेच बोलत होते. फोनवर तेवढं वेगळं. फोन यायचा तो शाळेत, चार माणसांत, तेव्हा मी जास्त बोलायचे नाही. नुसतं "हाव आई, हाव" करायचे. तेवढा एक 'हो'च्या जागचा 'हाव' कसा कोण जाणे वाचला होता, आणि त्याच्यावर मी तिची लेक होते.

हे लक्षात आलं आणि मी कामाला लागले. शिकायचं म्हटलं की मला चेव येतो. सातवीतल्या एका पोरीनं तक्रार केली, "मॅडम, मले कालची वही नाही भेटली." एरवी मी तिला उभं करून वाक्य दुरुस्त करून घेतलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "परत म्हण." ती घाबरून म्हणाली, "मला वही मिळाली नाही." "तसं नाही, आधीसारखं." पोरगी रडकुंडीला आली, तिला वाटलं मी टिंगल करते आहे. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. 'ले'वर ती किती टेकते, किती सोडते. घरी येऊन न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिले आणि म्हणू लागले. मले भूक लागली. मले भूक लागली वं. दहादा, वीसदा. मग आरशातल्या बाईकडे लक्ष गेलं आणि मी आरशाकडे पाठ केली. नवव्या भागात हेच आहे. ती दुसरी मुलगी आरशासमोर उभी राहून खरीसारखं अडखळायला शिकते. त्यावरूनच तर ती पकडली जाते.

तरी शनिवारी मी गेलेच. जाळीपाशी उभी राहिले, आईला म्हटलं, "आई, उघड न वं. मले लय भूक लागली." चांगलं जमलं होतं. सूर जमला होता, हेल जमला होता. आईनं कडीवरचा हात काढून घेतला. तिचा चेहरा उतरला, भीती वाटावी तसा.

"कोनं शिकवलं तुमाले?" ती म्हणाली.

मी पायरीवरच बसले. भावजयीनं आत नेलं, लिंबाचं सरबत दिलं. त्या दिवशी आम्ही मालिका लावली नाही.

पुढे एकेक करून भाग संपले, आणि तेरावा उरला. तो मला तोंडपाठ होता. तबकडी बंद पडते, शास्त्रज्ञ गाव सोडतात. तबकडीशिवाय हे दुसरे किती दिवस टिकतील कुणालाच ठाऊक नसतं, गावानं आपापल्या घरातून त्यांना हाकललेलं असतं. त्यातलीच ती मुलगी दारात येते, दार वाजवते. आई दार उघडते. संपली मालिका. लहानपणी आम्ही सगळे हळहळलो होतो की आई बिचारी फसली, तिला वाटलं आपलीच मुलगी परत आली.

आता पाहिलं तर दार फळ्यांचं, मधे फट. आई आधी त्या फटीतून पाहते. काय पाहते ते क्षणभर दाखवलं आहे. दार वाजवणारा हात. डावा. मग वेणीची गाठ. उलटी. बाईचा चेहरा पडतो. ती कडीला हात लावते, काढते, परत लावते. आणि मग उघडते.

"तिले मालूम हाये," आमची आई म्हणाली.

"मग उघडलं काहून?" मी विचारलं. ओघात निघून गेलं, घोकलेलं नव्हतं.

आईनं माझ्याकडे वेडीकडे पाहावं तसं पाहिलं. "अव, दारात उभी हाये न थे. पोरगी हाये. कोनाची बी असो."

संध्याकाळी बस वेळेवर मिळाली, खिडकीची जागा मिळाली, मूर्तिजापूर आलं तेव्हा मला कळलं की मी मघापासून तोंडाला पदर लावून बसले आहे.

पुढच्या शनिवारी ऊन मरणाचं होतं. भाऊ आणि भावजय एका लग्नाला बार्शीटाकळीला गेले होते, शेजारीण अधूनमधून डोकावत होती. मी जाळी वाजवली. चपला फरफटत आल्या. आईनं पायापासून केसांपर्यंत पाहिलं. आज मध्ये बोलायला, कडी काढायला कुणी नव्हतं.

"तू थे नाई," ती म्हणाली.

तुमी नाही म्हणाली, तू म्हणाली. मी सगळी तयारी विसरले. फोटो दाखवायचे होते, जुन्या गोष्टी सांगायच्या होत्या. एकदम थकवा आला, आणि मी खरं ते बोलले.

"नाही आई. मी ती नाही."

खरंच होतं ते. मळ्यात झेंडूनं मार खाणारी ती पोरगी मी नव्हते. ती केव्हाच बाहेर राहिली होती.

आईनं कडी काढली.

"ये वं माय," ती म्हणाली. "केवढं ऊन हाये."

तिनं मला माठातलं पाणी दिलं. ताट वाढलं, भाकर, वांग्याची भाजी, वर तेल. समोर बसून मी खाते का ते पाहत राहिली. मी उजव्या हातानं जेवले, तेही पाहिलं तिनं. मी हात धुऊन दाराची कडी लावायला गेले तर म्हणाली, "लावू नको. थे बी येईन." मी दार तसंच लोटून ठेवलं. सगळी दुपार ते वाऱ्यानं थोडं उघडायचं, थोडं मिटायचं, आणि दर वेळेस आम्ही दोघी तिकडे पाहायचो.

संध्याकाळी भाऊ आला तशी मी निघाले. बस बोरगावच्या पुढे गेली असेल, फोन वाजला. आई.

"काहून वं माय, आज बी नाई आली?"

"हाव आई. जमलं नाई."

"आयक. थे आली होती, शनवारची. लय उन्हात उभी होती, मी घेतलं तिले घरात. तुह्या ताटात जेवू घातलं तिले. तुले राग तं नाई आला न?"

बसमध्ये कंडक्टर तिकीट-तिकीट करत होता. शेजारची बाई माझ्याकडे पाहायला लागली होती.

"नाई वं आई," मी म्हणाले. "मले काहून राग येईन?"